उन्हाळी लागली की यूटीआय (मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग) झाला? सोमवारपर्यंत घरी काय करू?

रानजाई | शनिवार, रात्री १०.२५

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते, वय ३८. दुपारपासून लघवीला आग होतेय. आधी वाटलं उन्हाळी लागली. या आठवड्यात नाशिकला ऊन किती आहे ते तुम्ही बघताच आहात, आणि काल पेपर तपासताना मी सलग चार तास खुर्चीतून उठलेच नव्हते. पण संध्याकाळपासून दर वीस मिनिटांनी जावंसं वाटतं, गेलं की चार थेंब येतात आणि शेवटी ओटीपोटात अशी कळ येते की भिंत धरावी लागते. लघवी गढूळ दिसतेय. ताप नाही, आत्ताच मोजला, ९८.४ आहे. उलटी नाही. शुगर, बीपी काही नाही.

आमच्या डॉक्टरीणबाई आता थेट सोमवारी सकाळी भेटतील. आई फोनवर म्हणाली, धने-जिऱ्याचं पाणी पी आणि बेंबीखाली ओलं फडकं ठेव. घरात गेल्या वर्षीच्या नॉरफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्यात. त्या सुरू करू का? आणि आजची रात्र कशी काढू? झोप लागणं शक्यच दिसत नाही.

कैरीची_डाळ | शनिवार, रात्री १०.३८

अगं बाई, हे मी तीनदा भोगलंय. काय होत असेल ते समजतंय मला. घरात बार्ली आहे का? दोन चमचे बार्ली चार कप पाण्यात वीस मिनिटं उकळ, गाळ, कोमट झालं की घोट घोट पी. बार्ली नसेल तर धने-जिरे चालतील, तेही नसतील तर साधं पाणी. चहा अजिबात घेऊ नकोस. मला पहिल्या वेळी सासूबाईंनी दोन कप आलं घालून चहा दिला होता, त्यानंतरची रात्र आठवली तरी अंगावर काटा येतो.

पंचवटीकर | शनिवार, रात्री १०.५१

गोळ्या आहेत ना घरात, मग घ्या की. मी नेहमी हेच करते. दोन गोळ्यांत आग थांबते, मग बंद करते. उगाच दोन दिवस का सोसायचं?

सूक्ष्मदर्शक | शनिवार, रात्री ११.०४

पंचवटीकर ताई, रागावू नका, पण रानजाईंनी त्या गोळ्या घेऊ नयेत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, लघवीची कल्चर लावणं, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघणं, हे माझं रोजचं काम. रोज निदान एक तरी बाई अशी येते जिने आधी दोन-तीन गोळ्या घेतलेल्या असतात. तिची लक्षणं अर्धवट राहिलेली असतात आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. जंतू मेलेले नसतात, फक्त दबलेले असतात. मग कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे सांगायला आमच्याकडे काहीच उरत नाही. डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं.

दुसरं असं की नॉरफ्लोक्सासिन आणि सिप्रोफ्लोक्सासिन एकाच कुळातली. आपल्याकडे ही इतकी वर्षं, इतक्या सहज दिली गेली की आता बऱ्याच रिपोर्टमध्ये त्यांच्यापुढे 'आर' लिहावा लागतो, म्हणजे जंतू दाद देत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असते ती बघा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा तिचा अर्थ. दोन गोळ्या घेऊन बंद करणं तर सगळ्यात वाईट. जे जंतू कमजोर होते ते जातात, चिवट ते मागे राहतात.

रानजाई, घराजवळच्या लॅबमधून उद्या सकाळी निर्जंतुक बाटली आणून ठेवा. तपासणी लगेच करायची नसली तरी बाटली घरात असू द्या. उद्या तब्येत बिघडून औषध लगेच सुरू करायची वेळ आली तर पहिल्या गोळीच्या आधी नमुना घेता येईल.

रानजाई | शनिवार, रात्री ११.१२

बरं झालं विचारलं. पाकीट कपाटात ठेवून दिलं. नमुना घ्यायची नीट पद्धत सांगाल का? मागे एकदा रिपोर्टमध्ये 'मिश्र वाढ, पुन्हा नमुना द्या' असं आलं होतं.

सूक्ष्मदर्शक | शनिवार, रात्री ११.२३

मिश्र वाढ म्हणजे बहुतेक वेळा बाहेरच्या त्वचेवरचे जंतू बाटलीत आलेले असतात. हात साबणाने धुवा. खालची जागा फक्त साध्या पाण्याने, पुढून मागे अशी धुवा. साबण नको, डेटॉल तर नकोच, त्याचा अंश बाटलीत गेला तर जंतू तिथेच मरतात. पहिली धार कमोडमध्ये सोडा, मधली धार बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा बाहेर. बाटलीच्या कडेला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी, रात्रभर मूत्राशयात साठलेली असते म्हणून जंतू नीट सापडतात. नमुना एक-दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे. या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून दोन कामं उरकून आलात तर जंतू डिकीतच वाढतात आणि आकडा फसवा येतो. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. एक दिवस चालतं.

रुटीनचा, म्हणजे लघवीच्या साध्या तपासणीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, त्यात पस सेल (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात. कल्चरला दोन ते तीन दिवस लागतात. जंतू वाढायला वेळ लागतो, त्यात आम्ही घाई करू शकत नाही.

निर्गुडी | शनिवार, रात्री ११.४०

मी एमबीबीएस आहे, सिडकोत बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. रानजाई, मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे औषध सुचवणार नाही. पण रात्र कशी काढायची आणि कधी थांबायचं नाही, हे सांगते.

आधी थांबायचं कधी नाही ते. थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, लघवीतून रक्त पडू लागलं किंवा लघवी होतच नाही असं झालं, तर सोमवारची वाट बघायची नाही. मध्यरात्र असली तरी निघायचं. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. गाडी चालवायला कोणी नसेल तर १०८ ला फोन करा. ही लक्षणं म्हणजे जंतू मूत्राशयातून वर किडनीकडे गेल्याची शंका, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

हे नसेल तर रात्र घरी काढता येते. तासाला एक ग्लास पाणी पुरे, लघवी फिकट गवताच्या रंगाची होईपर्यंत. एकदम दोन लिटर ढोसू नका, त्याने जंतू लवकर जात नाहीत, उलट अंगातलं सोडियम उतरतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर ठेवा. मूत्राशयाचा स्नायू आवळून येतो त्याने ती शेवटची कळ येते, शेकाने तो सैल होतो. आई ओलं फडकं म्हणाल्या, त्यानेही काही बिघडत नाही, ज्याने बरं वाटेल ते करा. दुखणं असह्य असेल आणि लिव्हरचा त्रास नसेल तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी चालेल. पण गोळी घ्यायच्या आधी ताप मोजा आणि कागदावर लिहा. गोळीने ताप झाकला जातो आणि सकाळी आपल्याला वाटतं की ताप नव्हताच.

लागेल तेव्हा जा, कोंडून ठेवू नका. आग होईल म्हणून बायका जायचं टाळतात, तेच नडतं. लघवी करताना त्याच वेळी तांब्याने कोमट पाणी ओतत राहिलात तर चरचर कमी होते. ही युक्ती मला एका पेशंटनेच शिकवली, मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

रानजाई | रविवार, पहाटे ५.५०

रात्री बार्लीचं पाणी केलं, शेक घेतला, कोमट पाण्याची युक्ती तर फारच कामी आली. अडीच ते साडेचार झोप लागली. ताप ९८.८. पाठ दुखत नाही. आग आहे तशीच आहे, थोडी सौम्य म्हणता येईल. एक प्रश्न मनात येतोय. मग उन्हाळी म्हणजे काय? आम्ही लहानपणापासून ऐकतो, उन्हाळी लागली, शहाळं पी, बरं वाटेल. आणि खरंच बरं वाटायचं.

निर्गुडी | रविवार, सकाळी ७.१५

फार चांगला प्रश्न. उन्हाळी हा आपला शब्द खोटा नाही. उन्हात घाम जातो, पाणी पोटात जात नाही, लघवी घट्ट, गडद पिवळी होते आणि जाताना चरचरते. ही पाण्याची कमतरता आहे, जंतू नाहीत. सहा-आठ तास नीट पाणी, ताक, शहाळं घेतलं की रंग उतरतो आणि आग जाते. तुमच्या लहानपणी बरं वाटायचं ते यामुळे.

लघवीचा रंग फिकट झाला तरी आग तशीच, वारंवार जावंसं वाटणं तसंच, लघवी गढूळ, कधी उग्र वास, आणि शेवटी कळ, तर ती उन्हाळी नाही. रात्रभर पाणी पिऊनही तुमची आग गेली नाही, यातच उत्तर आहे. अर्थात दोन्ही एकत्रही असतात. लघवी कमी झाली की जंतूंना धुवून काढणारा प्रवाहच कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात माझ्याकडे यूटीआयचे पेशंट वाढतात.

बहुतेक वेळा हा जंतू ई. कोलाय असतो. तो आपल्या आतड्यात निमूट राहतो, तिथे त्याचा त्रास नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाचा २० च्या आसपास. गुदद्वार जवळ आणि वाट आखूड, म्हणून जंतू बाईच्या मूत्राशयात सहज पोचतो. यात तिच्या स्वच्छतेत खोट आहे असं अजिबात नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण कित्येक बायका लाजेने चार-चार दिवस सांगत नाहीत.

आग होण्याची आणखी दोन कारणं लक्षात ठेवा. खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव असेल, आग बाहेरून होत असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्यावर यूटीआयचं औषध चालत नाही. पाठीतून जांघेकडे लाटेसारखी कळ येत असेल तर मूतखडा बघावा लागतो.

शहाळं | रविवार, सकाळी ८.०२

ताई, माझ्या नणंदेला सहावा महिना आहे, तिलाही दोन दिवस अशीच आग होतेय. तिला बार्लीचं पाणी देऊ का?

निर्गुडी | रविवार, सकाळी ८.०६

पाणी द्या, पण घरी थांबू नका. गरोदरपणात यूटीआय किडनीपर्यंत लवकर जातो आणि वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती असते. तिचं नाव जिथे नोंदवलंय तिथे आजच फोन करा आणि जा. लहान मुलं, पुरुष, मधुमेही, किडनीचा आजार असलेले, लघवीची नळी घातलेले, या सगळ्यांना हेच लागू. घरगुती उपायांवर एक-दोन दिवस काढायची मुभा फक्त एरवी निरोगी, गरोदर नसलेल्या बाईला.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९.३०

पुरुष आहे म्हणून या धाग्यावर लिहू की नको असं वाटत होतं. पण डॉक्टरांनी मधुमेही लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

आई ६८ वर्षांची, सिन्नरला राहते. बारा वर्षं शुगर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात फोनवर म्हणाली, जरा उन्हाळी लागलीय. मीच म्हणालो, सब्जा भिजव, ताक पी. रोज फोन करायचो, रोज म्हणायची बरंय. तिला आग फारशी नव्हतीच, नुसतं सारखं जावं लागत होतं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला की आई काहीतरी असंबद्ध बोलतेय, मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारतेय. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाडी काढून पोचलो तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं, दात वाजत होते. नाशिकला आणेपर्यंत बीपी खाली गेलेलं. जंतू रक्तात पसरले होते. सहा दिवस आयसीयू.

आई वाचली. आज बरी आहे. पण मी तिला सब्जा भिजव म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. घरात वयस्कर माणूस असेल तर आग नसली तरी बघा. अचानक गोंधळल्यासारखं वागणं, जेवण टाकणं, अंथरुणात लघवी होणं, असं काही दिसलं तर ताप मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कैरीची_डाळ | रविवार, सकाळी ९.४१

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी आत्ताच आईला फोन लावला.

पंचवटीकर | रविवार, सकाळी १०.१०

काल मी गोळ्या घ्या म्हटलं ते मागे घेते. गोदाकाठ यांचं वाचून सुन्न झाले. मला वर्षभरात चार वेळा झालंय आणि चारही वेळा मी दोन-दोन गोळ्यांवर भागवलं. कल्चर एकदाही केलेली नाही.

मेडिकलमधून ते गुलाबी सिरप आणते, सायट्रेटचं. त्याने आग खरंच कमी होते. तेही चूक का?

निर्गुडी | रविवार, सकाळी १०.३५

चूक नाही, पण त्याने जंतू मरत नाहीत. डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट लघवीची आम्लता कमी करतं, काहींना चरचर कमी वाटते. याचा ठोस पुरावा मात्र नाही. नावातच सोडियम आहे, म्हणून बीपी, हृदय किंवा किडनीच्या पेशंटने विचारल्याशिवाय घेऊ नये. याच कारणाने कोणी चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून घ्यायला सांगितलं तर ऐकू नका. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. यूटीआयवर नेहमी दिलं जाणारं नायट्रोफ्युरंटॉइन आम्ल लघवीत चांगलं काम करतं. तुम्ही एका बाजूला ते घेताय आणि दुसऱ्या बाजूला सायट्रेट पिताय, तर औषधाचा जोर कमी होतो. सिरप चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की आम्ही त्याला वारंवार होणारा यूटीआय म्हणतो. तुम्ही त्यात बसता. शुगर, सोनोग्राफी, कल्चर, सगळं करून घ्या. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किडनी आणि मूत्रविकाराचे विभाग आहेत, खर्चाची अडचण असेल तर तिथे चौकशी करा. पाळी बंद झाली असेल तर तेही सांगा. इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली त्वचा पातळ होते आणि संसर्ग वाढतो, त्यावर लावायचं क्रीम मिळतं.

अनवट | रविवार, दुपारी १२.२०

मी डॉक्टर नाही, पण आरोग्यावरचं संशोधन वाचायची आवड आहे. या विषयावर मोजके पण चांगले प्रयोग झालेत.

जर्मनीत ४९४ बायकांवर झालेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या बायकांना फॉस्फोमायसिन या अँटिबायोटिकची एक पुडी, अर्ध्यांना तीन दिवस नुसतं आयबुप्रोफेन हे वेदनाशामक. वेदनाशामकवाल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. हे वाचून कोणालाही वाटेल, मग औषध कशाला? पण त्याच गटात त्रास जास्त दिवस राहिला आणि पाच जणींचा संसर्ग किडनीपर्यंत गेला, दुसऱ्या गटात एकीचा. म्हणजे आपोआप बरं होतं हे खरं, आणि कोणाचं बिघडेल हे आधी कळत नाही हेही खरं.

पाण्याबद्दल २०१८ साली बल्गेरियात केलेला अभ्यास आला. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या, वारंवार यूटीआय होणाऱ्या १४० बायका. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. इतकं स्वस्त औषध दुसरं नसेल. मात्र हे पुन्हा होऊ नये म्हणून आहे, झालेला संसर्ग एका रात्रीत जावा म्हणून नाही.

क्रॅनबेरीचंही तसंच. वारंवार होणाऱ्यांना थोडा बचाव मिळतो, आग लागल्यावर पिऊन उपयोग नाही, आणि साखर घातलेलं सरबत तर नकोच. डी-मॅनोज नावाची पावडर हल्ली जोरात विकली जाते. २०२४ साली ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर तिची परीक्षा झाली, काही फरक दिसला नाही.

धने, जिरे, वाळा, बार्ली यांच्याबद्दल माझं मत असं की त्यांच्यासोबत पोटात जाणारं पाणी हेच खरं काम करतं. चव आवडते म्हणून जास्त प्यायलं जात असेल तर जरूर घ्या.

निर्गुडी | रविवार, दुपारी १२.५०

अनवट, नेमकं लिहिलंत. एक पुरवणी. आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. उन्हाने पाणी कमी झालेल्या शरीरात ते किडनीला त्रास देतं. गोखरूचा काढा, जवखार, वट्या हेही स्वतःच ठरवू नका, वैद्यांना दाखवून घ्या.

द्राक्षवेल | रविवार, संध्याकाळी ७.४०

सगळं वाचलं. अनवट म्हणतात तसं पाणी पिणं स्वस्त आहे, पण सगळ्यांना ते परवडत नाही. पैशाच्या अर्थाने म्हणत नाही मी.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. आत्ता एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग फुटी काढायचं काम. पेठ, सुरगाण्याकडून बायकांच्या टोळ्या येतात. सकाळी सातला बागेत, दुपारपर्यंत हात वर करून काम. ऊन चाळिशीला टेकलेलं. आणि त्या पाणी पीत नाहीत. मी कितीतरी वर्षं बघतेय, हंडा भरलेला तसाच राहतो. मला वाटायचं, सवय असेल. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी, वीस-बावीसची, बांधावर पोट धरून बसली. तिला दवाखान्यात नेताना वाटेत हळूच म्हणाली, वहिनी, पाणी प्यायलं की जावं लागतं, जायचं कुठे? मुकादम पुरुष, ट्रॅक्टरवाला पुरुष. छाटणी झाली की बागेत आडोसा राहत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसतं.

मी स्वतः त्या बागेची मालकीण, बाई असून, मला हे सुचलं नव्हतं. आठ दिवसांत शेडनेट आणि बांबूची दोन आडोशाची ठिकाणं केली, खड्डा, पाण्याचा ड्रम, मग, झाकणाची बादली. दर दोन तासांनी दहा मिनिटं सुट्टी, सगळ्यांनी एकदम, म्हणजे एकटीने उठायला संकोच नको. हंडा आता दोनदा भरावा लागतो.

शाळेत, बँकेत, दुकानात काम करणाऱ्यांचं तरी वेगळं काय आहे? रानजाई, तुम्ही चार तास उठला नाहीत असं लिहिलंत. शाळेत जाता येतं का नीट?

रानजाई | रविवार, रात्री ८.३०

द्राक्षवेल ताई, खरं सांगू? नाही. सत्तावीस शिक्षिकांना दोन स्वच्छतागृहं, एकाची कडी तुटलेली. मधल्या सुट्टीत रांग असते, मुलींच्याकडे तर विचारूच नका. मीही घरून निघताना अर्धाच ग्लास पाणी पिते, हे आज लिहिताना पहिल्यांदा स्वतःला कबूल केलं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जातात. मी त्यांना रागवायचे.

आजचा अहवाल: बाटली आणून ठेवली. ताप ९८.६. मिसळ खायला घरचे सगळे गेले, मी भात-ताक खाल्लं. आग दिवसभर सोसण्याजोगी होती, आता पुन्हा वाढलीय.

सूक्ष्मदर्शक | रविवार, रात्री ८.४५

उद्या पहिलीच लघवी बाटलीत. नाव आणि वेळ लिहायला विसरू नका.

रानजाई | सोमवार, दुपारी १.१५

सकाळी साडेसातला नमुना दिला. साडेदहाला डॉक्टरांना दाखवलं. पोट आणि पाठ तपासली, पाळीची तारीख विचारली, ॲलर्जी विचारली. रुटीनमध्ये पस सेल भरपूर आलेत. नायट्रोफ्युरंटॉइन दिलंय, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, जेवणानंतर. लघवीचा रंग गडद होईल, घाबरू नका असं त्यांनी आधीच सांगितलं. मी सिरपचं विचारलं तर त्याही नको म्हणाल्या, निर्गुडी ताईंनी लिहिलं तेच कारण. दोन दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं.

शहाळं | सोमवार, दुपारी ३.००

नणंदेला काल दुपारीच नेलं. यूटीआयच निघाला, औषध सुरू झालं, बाळाचे ठोके चांगले आहेत. ती विचारतेय, बरं वाटलं की पुन्हा तपासायचं का?

निर्गुडी | सोमवार, दुपारी ३.२०

हो. औषध संपल्यावर गरोदर बाईची कल्चर पुन्हा करतात. काही वेळा त्रास नसतो पण जंतू असतात, आणि गरोदरपणात तेवढ्यालाही औषध द्यावं लागतं.

रानजाई | बुधवार, संध्याकाळी ६.०५

कल्चरचा रिपोर्ट आला. ई. कोलाय, जंतूंचा आकडा एक लाखाच्या वर. नायट्रोफ्युरंटॉइनपुढे 'एस', म्हणजे औषध लागू पडतं, फॉस्फोमायसिनपुढेही 'एस'. नॉरफ्लोक्सासिनपुढे 'आर'. कपाटातल्या त्या सहा गोळ्या मी शनिवारी रात्री घेणार होते.

आग कालपासून जवळपास गेली. गोळ्या शुक्रवार रात्रीपर्यंत चालू ठेवणार.

पंचवटीकर | बुधवार, संध्याकाळी ६.३०

मी सोमवारी सोनोग्राफी आणि शुगर करून आले. सोनोग्राफी ठीक आहे. उपाशीपोटीची शुगर १६८ आली. उद्या डॉक्टरांकडे जातेय.

निर्गुडी | बुधवार, संध्याकाळी ६.४८

ताई, बरं झालं सापडली. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून घ्या, आणि चार वेळा झालेला यूटीआय हेही त्यांना सांगा, दोन्हीचा संबंध असू शकतो.

रानजाई | बुधवार, रात्री ९.१०

आज मुख्याध्यापिकांशी बोलले. कडी उद्या बसेल. दुसऱ्या तासानंतर पाच मिनिटांची पाणी-सुट्टी ठेवायचा प्रस्ताव शनिवारच्या बैठकीत मांडायचाय. द्राक्षवेल ताई, सगळ्यांनी एकदम उठायचं हे तुम्ही कसं बसवलंत ते सविस्तर लिहाल का? मुलींच्या बाबतीत मला तेच करायचंय.

द्राक्षवेल | बुधवार, रात्री ९.३४

लिहिते. सुरुवातीचे चार दिवस कोणीच उठलं नव्हतं. मग मी स्वतः घंटा वाजवून पहिली गेले.